धुळीच्या गोळ्याचा शेवट : उघड्या सिंग्युलॅरिटीचे एक प्रकरण

प्रकरण काय आहे

पूर्णपणे गोल, स्वतःभोवती न फिरणारा आणि आतून कसलाही दाब नसलेला द्रव्याचा एक गोळा स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने कोसळू लागला, तर त्याच्या शेवटच्या क्षणी काय घडते, हा या अभ्यासाचा विषय आहे. सापेक्षतावादाचे अभ्यासक अशा दाबहीन द्रव्याला धूळ म्हणतात. खऱ्या ताऱ्यात दाब असतो, परिवलन असते, चुंबकीय क्षेत्र असते. या गोळ्यात त्यांपैकी काहीच नाही, आणि निसर्गात तंतोतंत असा गोळा सापडण्याची शक्यताही नाही. तरीही आइन्स्टाइनचा व्यापक सापेक्षता सिद्धांत नेमका कुठे संपतो, याची तपासणी गेली ८० हून अधिक वर्षे ज्या मोजक्या उदाहरणांवर होत आली आहे, त्यांत या गोळ्याचे स्थान फार वरचे आहे. त्याचे कारण असे की, त्याच्यासाठी सिद्धांताची समीकरणे कागदावर अखेरपर्यंत सोडवता येतात. संगणकाने काढलेल्या उत्तरात घनता अनंताकडे धावू लागली, तर दोष सिद्धांताचा की गणनपद्धतीचा, असा संशय उरतो. येथे तो उरत नाही.

गोळ्याच्या केंद्रात घनता आणि अवकाश-कालाची वक्रता अमर्याद वाढत जाते, म्हणजेच तिथे सिंग्युलॅरिटी निर्माण होते, याबद्दल मतभेद नाहीत. मतभेद आहेत ते त्यापुढच्या प्रश्नावर : ही जागा कृष्णविवराच्या क्षितिजाआड, म्हणजे जिच्या आतून प्रकाशही बाहेर येऊ शकत नाही अशा सीमेआड, कायमची झाकली जाते, की तिच्या अगदी लगतहून निघालेला प्रकाश दूरच्या निरीक्षकापर्यंत पोहोचू शकतो? पहिले खरे असेल, तर सिद्धांताचे अपयश आपल्यापासून लपलेले राहते आणि बाहेरच्या विश्वाबद्दलची भाकिते सुरक्षित राहतात. दुसरे खरे असेल, म्हणजे सिंग्युलॅरिटी उघडी असेल, तर जिथे कोणतेच नियम सांगता येत नाहीत अशा जागेचा परिणाम आपल्या विश्वावर होऊ लागतो. माझ्या मते या प्रकरणाचे मोल त्याच्या उत्तरात आहेच, पण त्याहून अधिक ते शोधण्याच्या पद्धतीत आहे. जी गोष्ट कधी कुणी पाहिली नाही आणि जिथे सिद्धांतच थांबतो, तिचा शिस्तशीर अभ्यास कसा होतो, हे येथे फार स्वच्छ दिसते.

सिंग्युलॅरिटी ओळखायची कशी

कार्ल श्वार्झशिल्ड यांनी १९१६ मध्ये एकाकी गोल वस्तूच्या बाहेरील गुरुत्वक्षेत्राचे उत्तर काढले, तेव्हा त्यात दोन ठिकाणी गणित बिघडत होते. एक ठिकाण म्हणजे केंद्र, आणि दुसरे म्हणजे वस्तुमानावर अवलंबून असलेली एक विशिष्ट त्रिज्या (श्वार्झशिल्ड त्रिज्या), जी सूर्याएवढ्या वस्तुमानासाठी सुमारे ३ किलोमीटर भरते. कित्येक वर्षे अनेक जाणकार ही त्रिज्याच निसर्गाची सीमा आहे असे मानत होते. १९३३ मध्ये जॉर्ज लमेत्र यांनी दाखवून दिले की, तिथला बिघाड केवळ निवडलेल्या निर्देशकांचा, म्हणजे स्थान आणि काळ आकड्यांत सांगण्याच्या पद्धतीचा, आहे. निर्देशक बदलले की तो नाहीसा होतो. केंद्रातला बिघाड मात्र कोणतेही निर्देशक घेतले तरी जात नाही. वक्रतेचे जे माप निर्देशकांवर अवलंबून नसते, ते या उत्तरात त्रिज्येच्या सहाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढते. ३ किलोमीटरच्या त्रिज्येवर ते एक साधे, मर्यादित मूल्य असते; केंद्राकडे जाताना त्याला कमाल मर्यादाच राहत नाही.

पण वक्रता अनंत झाली म्हणजे सिंग्युलॅरिटी, ही व्याख्याही पुरेशी ठरत नाही, कारण अनंत मूल्य असलेला बिंदू हा अवकाश-कालाचा भागच मानता येत नाही. त्या बिंदूवर मोजपट्टी लावायला काही उरलेलेच नसते. म्हणून पुढे वेगळा मार्ग धरण्यात आला. मुक्तपणे पडणाऱ्या कणाचा किंवा प्रकाशकिरणाचा मार्ग पुढे पुढे नेत जायचे, आणि त्या कणाच्या स्वतःच्या घड्याळाप्रमाणे मर्यादित काळातच तो मार्ग संपत असेल, पुढे नेताच येत नसेल, तर अवकाश-काल अपुरा आहे असे म्हणायचे. ही व्याख्या मला फार प्रामाणिक वाटते. तिथे काय आहे हे ती सांगत नाही. सिद्धांताकडे त्या कणाच्या पुढच्या क्षणाबद्दल सांगण्यासारखे काही नाही, एवढेच ती सांगते.

पहिले उत्तर : एकसारखी घनता

धुळीच्या गोळ्याचे पहिले उत्तर कोलकात्याच्या बी. दत्त यांनी १९३८ मध्ये एका जर्मन नियतकालिकात प्रसिद्ध केले. पुढच्या वर्षी, १ सप्टेंबर १९३९ च्या ‘फिजिकल रिव्ह्यू’च्या अंकात, रॉबर्ट ओपेनहायमर आणि हार्टलँड स्नायडर यांनी अशाच उत्तराचा ताऱ्याच्या संदर्भात सविस्तर अर्थ लावला. त्याच दिवशी युरोपात दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि पुढची बरीच वर्षे या निष्कर्षाकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही.

या उत्तरात गोळ्याची घनता सगळीकडे सारखी धरलेली असते. दाब नसल्यामुळे कोसळण्याचा काळ केवळ घनतेवर ठरतो. सूर्याच्या सरासरी घनतेचा, म्हणजे दर घन सेंटिमीटरला सुमारे १.४ ग्रॅम असलेला, स्थिर अवस्थेतला गोळा सोडून दिला, तर त्याच्याबरोबर पडणाऱ्या निरीक्षकाच्या घड्याळाप्रमाणे साधारण अर्ध्या तासात सगळे द्रव्य केंद्रात गोळा होते. घनता सारखी असल्याने आतला थर आणि बाहेरचा थर एकाच क्षणी तिथे पोहोचतात. त्याआधीच गोळ्याचा पृष्ठभाग श्वार्झशिल्ड त्रिज्येच्या आत गेलेला असतो आणि प्रकाशाची बाहेर पडण्याची वाट बंद झालेली असते. म्हणजे सिंग्युलॅरिटी जन्माला येते ती क्षितिजाच्या आतच. कृष्णविवराचे आज सर्वपरिचित असलेले चित्र मुळात या एका गोळ्यावरून आले आहे.

यावर पहिला आक्षेप स्वाभाविक होता. सगळे द्रव्य अगदी नेम धरून एकाच बिंदूकडे सोडले तर ते तिथे जमणारच. खऱ्या ताऱ्यात थोडी जरी विषमता असली तरी कण एकमेकांना चुकवून निघून जातील आणि सिंग्युलॅरिटी टळेल. सोव्हिएत शास्त्रज्ञ लिफशिट्झ आणि खलात्निकोव्ह यांनी १९६३ मध्ये जवळपास हेच मत मांडले होते. त्याला उत्तर मिळाले ते एका वेगळ्याच दिशेने. कोलकात्याच्या अमल कुमार रायचौधुरी यांनी १९५५ मध्ये एक समीकरण प्रसिद्ध केले होते, ज्यात कोणत्याही सममितीची अट न घालता, एकत्र प्रवास करणाऱ्या मार्गांचा समूह गुरुत्वाकर्षणामुळे कसा आकसत जातो, हे सांगितले होते. १९६५ च्या जानेवारीत रॉजर पेनरोझ यांनी प्रकाशकिरणांच्या अशाच आकसण्याचा आधार घेऊन अवघ्या तीन पानांत सिद्ध केले की, ज्या बंद पृष्ठापासून बाहेरच्या दिशेने सोडलेला प्रकाशही आतच ओढला जातो असे पृष्ठ एकदा तयार झाले, तर द्रव्याची ऊर्जा ऋण नाही अशा साध्या अटींखाली किमान एक प्रकाशमार्ग अपुरा राहिल्याशिवाय गत्यंतर नाही. गोल आकाराची अट गळून पडली. सोव्हिएत गटाने १९७० मध्ये, बेलिन्स्की यांच्यासह, आपले आधीचे मत सोडून दिले. पेनरोझ यांना या कामासाठी २०२० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे प्रमेय काय सांगत नाही, तेही ध्यानात घ्यावे लागते. मार्ग अपुरा राहतो एवढे ते सांगते. तो का अपुरा राहतो, तिथे वक्रता किती असते आणि ती जागा क्षितिजाआड असते की नाही, यांबद्दल त्यात एक अक्षर नाही. ही पोकळी भरण्यासाठी पेनरोझ यांनीच १९६९ मध्ये कॉस्मिक सेन्सॉरशिपची कल्पना प्रश्नाच्या स्वरूपात मांडली : वाजवी प्रारंभिक स्थितीतून सुरू झालेल्या कोसळण्यात निर्माण होणारी प्रत्येक सिंग्युलॅरिटी झाकलेलीच असते का? तिची सर्वमान्य सिद्धता आजही उपलब्ध नाही.

घनता सारखी नसेल तर

येथून धुळीचा गोळा पुन्हा मंचावर आला. लमेत्र, टॉलमन आणि बोंडी यांच्या कामामुळे केंद्रापासून बाहेर घनता बदलत जाणाऱ्या धुळीचेही नेमके उत्तर हाताशी होते. गोळा कांद्यासारखा एकावर एक थरांचा बनलेला आहे असे मानले, तर प्रत्येक थराच्या हालचालीवर केवळ त्याच्या आतल्या वस्तुमानाचा परिणाम होतो, आणि तो थर केंद्रात पोहोचायला लागणारा काळ आतल्या सरासरी घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. घनता चौपट, तर काळ निम्मा. ताऱ्याचा गाभा बाहेरच्या भागापेक्षा घन असतो ही तर साधी वस्तुस्थिती आहे. त्यामुळे आता सगळे थर एकदम पोहोचत नाहीत. सर्वांत आतला थर आधी, मग त्याच्या बाहेरचा, असा क्रम लागतो.

सगळा पेच या क्रमात आहे. प्रकाश अडकण्यासाठी एका थराच्या आत पुरेसे वस्तुमान पुरेशा लहान त्रिज्येत कोंबले जावे लागते. केंद्रबिंदू सिंग्युलर होतो त्या क्षणी त्या बिंदूच्या आत असलेले वस्तुमान शून्य असते, कारण बाहेरचे थर अजून वाटेतच असतात. म्हणजे घनता अनंताला भिडली आहे, पण प्रकाशाला अडवणारा सापळा तिथे अद्याप उभा राहिलेला नाही, अशी स्थिती उद्भवू शकते. मग शर्यत लागते ती केंद्रापासून निघालेला किरण आणि बाहेरून आत येत जाणारे वस्तुमान यांच्यात.

१९७३ मध्ये योड्झिस, झायफर्ट आणि म्युलर झुम हागेन यांनी धुळीत उघडी सिंग्युलॅरिटी दाखवली होती, पण ती दोन थर एकमेकांना ओलांडताना होणारी होती, आणि अशी सिंग्युलॅरिटी बहुतेकांनी किरकोळ मानली. केंद्रातल्या सिंग्युलॅरिटीची गोष्ट तशी नव्हती. अर्डली आणि स्मार यांनी १९७९ मध्ये गणनेतून, आणि दिमित्रिओस ख्रिस्तोडूलू यांनी १९८४ मध्ये काटेकोर गणिताने, ती उघडी असू शकते हे दाखवले. त्यानंतरचा सर्वांत चिकाटीचा तपास मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत झाला. पंकज जोशी आणि आय. एच. द्विवेदी यांनी १९९३ मध्ये या गोळ्यातून बाहेर पडणाऱ्या किरणांच्या समीकरणाला सिंग्युलॅरिटीच्या अगदी लगत वास्तव मूळ आहे की नाही, एवढ्या एकाच प्रश्नावर सगळा निर्णय आणून ठेवला. मूळ असेल तर किरण निघतो. नसेल तर तिथून काहीही निघत नाही.

१९९६ मध्ये टी. पी. सिंग आणि जोशी यांनी हा निर्णय प्रारंभिक घनतेच्या भाषेत उतरवला, आणि या प्रकरणातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग हाच आहे. सुरुवातीला प्रत्येक थराची आत येण्याची गती बरोबर मुक्तिवेगाइतकी धरली आणि केंद्राजवळची घनता अंतराच्या वाढत्या घातांच्या श्रेणीत लिहिली, तर अंतिम नियती श्रेणीतल्या पहिल्या शून्येतर पदावर ठरते. घनता केंद्रापासून कमी होताना पहिल्या किंवा दुसऱ्या घाताचे पद आले, तर सिंग्युलॅरिटी निदान जवळच्या निरीक्षकाला उघडी असते. ती दोन्ही पदे शून्य असून तिसऱ्या घातापासून सुरुवात झाली, तर त्या पदाचा सहगुणक आणि केंद्रातील घनता यांपासून बनणारी एक एककरहित संख्या तपासावी लागते : ती सुमारे −२५.९९ पेक्षा लहान असेल तर सिंग्युलॅरिटी उघडी, अन्यथा कृष्णविवर. आणि पहिली तिन्ही पदे शून्य असतील, तर नेहमी कृष्णविवरच. १९३९ चा एकसारख्या घनतेचा गोळा या शेवटच्या गटात बसतो. म्हणजे कृष्णविवराचे मूळ चित्र ज्या उदाहरणावर उभे राहिले, ते या कुटुंबातले फार विशेष उदाहरण होते.

असे का होते, याचे भौतिक कारण २००२ मध्ये जोशी, पुण्याच्या आयुका संस्थेतील नरेश दधीच आणि रॉय मार्टेन्स यांनी मांडले. घनता असमान असली की कोसळणाऱ्या द्रव्यात वेगवेगळ्या दिशांना वेगवेगळा ताण पडतो, त्याचा आकार सर्व बाजूंनी सारखा आकसत नाही, आणि हा ताण पुरेसा तीव्र असेल तर प्रकाशाचा सापळा तयार व्हायला उशीर होतो.

आक्षेप आणि त्यांचे वजन

वरच्या यादीतल्या पहिल्या आणि तिसऱ्या घाताच्या घनता केंद्रात पुरेशा गुळगुळीत नसतात. अंतराचे विषम घात आले की केंद्रापाशी घनतेला सूक्ष्म टोक राहते. भौतिकदृष्ट्या सर्वांत स्वाभाविक उदाहरण दुसऱ्या घाताचे आहे, आणि त्यात सिंग्युलॅरिटी उघडी निघते ही गोष्ट सेन्सॉरशिपच्या बाजूने सहज झटकून टाकता येत नाही. मात्र रिचर्ड न्यूमन यांनी १९८६ मध्ये दाखवले की, या गटात बाहेर जाणाऱ्या किरणांच्या मार्गावर वक्रतेची वाढ दुबळी असते, म्हणजे तिथल्या वस्तूचे आकारमान शून्यापर्यंत चिरडले जाईलच असे नाही. शिवाय जवळच्या निरीक्षकाला दिसणारा किरण गोळ्याबाहेर निसटेल की नाही, हे बाहेरच्या थरांच्या रचनेवर अवलंबून राहते.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. धूळ हे फार दुबळे प्रतिमान आहे. गुरुत्वाकर्षण नसलेल्या सपाट अवकाशातही धुळीचे कण एका बिंदूवर सोडले, तर घनता अनंत होते. मग दोष गुरुत्वाचा की धुळीचा? या आक्षेपात तथ्य आहे, आणि म्हणूनच तपास धुळीपुरता थांबला नाही. पी. सी. वैद्य यांनी १९४३ मध्ये, बनारस हिंदू विद्यापीठात कोल्हापूरचे सुपुत्र वि. वा. नारळीकर यांच्या मार्गदर्शनाखाली काम करत असताना, प्रारण सोडणाऱ्या ताऱ्याचे उत्तर काढले होते. त्याच उत्तरात प्रारण आत येणारे धरले, तरीही ते सावकाश आत येत असेल तर सिंग्युलॅरिटी उघडी राहते. ओरी आणि पिरान यांनी १९८७ मध्ये दाब असलेल्या द्रायूतही (वाहू शकणाऱ्या द्रव्यातही) ती दाखवली.

तिसरे उदाहरण सर्वांत गाजले. १९९३ मध्ये मॅथ्यू चॉपट्यूक यांनी संगणकावर अदिश क्षेत्राची (प्रत्येक बिंदूवर दिशा नसलेले केवळ एक मूल्य असणाऱ्या क्षेत्राची) लाट केंद्राकडे सोडली. लाट दुर्बल असेल तर ती विखरून जाते, प्रबळ असेल तर कृष्णविवर होते, आणि बरोबर मधल्या सीमेवर लहान लहान होत जाणारी तीच रचना पुन्हा पुन्हा, दर वेळी सुमारे ३० पट सूक्ष्म होऊन, प्रकट होते. सीमेजवळ कृष्णविवराचे वस्तुमान सीमेपासूनच्या अंतराच्या सुमारे ०.३७ व्या घाताने शून्याकडे जाते. नेमक्या सीमेवर शून्य वस्तुमानाची उघडी सिंग्युलॅरिटी उरते. स्टीफन हॉकिंग यांनी १९९१ मध्ये किप थॉर्न आणि जॉन प्रेस्किल यांच्याशी, उघडी सिंग्युलॅरिटी निर्माण होऊच शकत नाही अशी पैज लावली होती. सपाट अवकाशात आपोआप सिंग्युलर होणारे द्रव्य त्या पैजेतून आधीच वगळलेले होते, त्यामुळे धुळीच्या गोळ्यावरून ती हरण्याचा प्रश्न नव्हता. अदिश क्षेत्र मात्र अटीत बसत होते. फेब्रुवारी १९९७ मध्ये हॉकिंग यांनी ती पैज हरल्याचे मान्य केले आणि लगेच नवी लावली, ज्यात प्रारंभिक स्थिती विशेष जुळवून आणलेली नसावी ही अट जोडली.

ही अट म्हणजे पळवाट आहे असे काहींना वाटते. मला तसे वाटत नाही. १९९९ मध्ये ख्रिस्तोडूलू यांनी अदिश क्षेत्राच्या गोल कोसळण्यात अशी उघडी सिंग्युलॅरिटी अस्थिर असते, प्रारंभिक स्थिती किंचित हलवली की ती नाहीशी होते, हे सिद्ध केले. पेन्सिल टोकावर उभी करण्याचे उत्तर गणितात असते म्हणून टेबलावर उभ्या पेन्सिली सापडत नाहीत. पण धुळीच्या गोळ्यात दुसऱ्या घाताच्या उदाहरणाला हा न्याय लावता येत नाही, कारण गोल सममितीत राहून घनता थोडी बदलली तरी निकाल बदलत नाही. तेव्हा एकाच शब्दाने दोन्ही प्रकरणे निकालात काढणे चुकीचे ठरेल.

मर्यादा नेमकी कोणाची

गोळा कोसळताना तीन वेगवेगळ्या सीमा एकामागून एक ओलांडल्या जातात, आणि त्या एकमेकींत मिसळल्या की चर्चा भरकटते. अणुकेंद्राची घनता दर घनमीटरला सुमारे २.३ × १० चा १७ वा घात इतके किलोग्रॅम असते. तिच्या आसपास पोहोचताच दाबहीन धूळ ही कल्पनाच निकामी होते. द्रव्याबद्दलचे गृहीतक येथे संपते, गुरुत्वाचा सिद्धांत नव्हे. त्यापुढे जवळपास ७९ घातांचे अंतर कापल्यावर प्लांक घनता येते, दर घनमीटरला सुमारे ५ × १० चा ९६ वा घात इतके किलोग्रॅम. तिथे गुरुत्वाच्या पुंज (क्वांटम) परिणामांकडे दुर्लक्ष करण्याचा अधिकार उरत नाही, आणि व्यापक सापेक्षता सिद्धांत आपले म्हणणे थांबवतो. अनंत घनता ही तिसरी सीमा केवळ गणितात आहे. सिंग्युलॅरिटी उघडी की झाकलेली, हा प्रश्न प्रत्यक्षात असा होतो : दुसऱ्या सीमेपलीकडे गेलेल्या भागातून बाहेर काही येते का?

२००६ मध्ये रितुपर्णो गोस्वामी, जोशी आणि परमप्रीत सिंग यांनी लूप पुंज गुरुत्व या गुरुत्वाच्या एका प्रस्तावित पुंज सिद्धांतातील सुधारणा वापरून अदिश क्षेत्राचे कोसळणे तपासले, तेव्हा अखेरच्या टप्प्यात ऊर्जेचा जोरदार प्रवाह बाहेर पडून सिंग्युलॅरिटी विरघळते, असे उत्तर आले. तो एका सरलीकृत प्रतिमानाचा निष्कर्ष आहे आणि त्याला तेवढेच वजन द्यावे. निरीक्षणांची बाजू अजून कच्ची आहे. इव्हेंट होरायझन टेलिस्कोपने २०१९ मध्ये एम ८७ दीर्घिकेच्या आणि २०२२ मध्ये आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातील वस्तूची जी छाया दाखवली, ती क्षितिजाच्या बाहेरून वळणाऱ्या प्रकाशामुळे पडते. उघड्या सिंग्युलॅरिटीच्या काही प्रतिमानांतही तशी छाया पडू शकते.

हॉकिंग यांचे २०१८ मध्ये निधन झाले तेव्हा दुसऱ्या पैजेचा निकाल लागलेला नव्हता. तो त्यांच्या विरुद्ध लावायचा असेल, तर चार मितींच्या अवकाश-कालात, सपाट अवकाशात स्वतःहून न बिघडणारे द्रव्य घेऊन, गोल आकाराची सक्ती सोडून, प्रारंभिक स्थितींच्या एका सलग पट्ट्यातल्या प्रत्येक स्थितीतून दूरच्या निरीक्षकापर्यंत किरण पोहोचतो हे दाखवावे लागेल. गोल धुळीने यातली एक अट, आणि तीही गोल सममितीपुरती, पूर्ण करून दाखवली आहे. परिवलन असलेल्या, वास्तव दाबाच्या द्रव्यासाठी हेच काम अजून बाकी आहे.